एका विम्यापायी

बिली द किड या बंदूकबाज तरुणावर अमेरिकेत कादंबऱ्या आणि चित्रपट यांचे अमाप पीक आले. ज्या लिंकन परगण्याच्या यादवीतून हे नाव पुढे आले, तिचे मूळ मात्र बंदुकीत नव्हते. ते एका मृताच्या विम्याच्या कागदात होते. या यादवीची शपथपत्रे, हुकूम आणि जबान्या चाळू लागले, म्हणजे चित्रपटांहून निराळी आणि अधिक बोधप्रद हकीकत समोर येते.

न्यू मेक्सिको तेव्हा राज्य नव्हते. केंद्राच्या अखत्यारीतील तो एक सरहद्दीचा मुलूख होता. लिंकन गावाचा व्यापार मर्फीच्या पेढीच्या मुठीत होता. तिचा भागीदार एमिल फ्रिट्झ १८७४ साली मायदेशी, जर्मनीत, वारला. मागे राहिला १० हजार डॉलरचा आयुर्विमा. विमा कंपनी डबघाईस आलेली, वारस दोन खंडांत विखुरलेले, आणि 'फ्रिट्झकडे आमचेच येणे आहे' असा पेढीचा दावा! अलेक्झांडर मॅक्स्वीन या वकिलाने खटपट करून १८७७ मध्ये खर्च वजा जाता ७ हजारांवर डॉलर पदरात पाडून घेतले. परंतु सर्व वारसांची निश्चिती आणि आपल्या मेहनतान्याचा हिशेब झाल्याखेरीज ते हातचे सोडण्यास तो राजी होईना. पेढीचा नवा धनी जेम्स डोलन याला हेच हवे होते. मॅक्स्वीनने इंग्रज तरुण जॉन टन्स्टल याला साथ देऊन पेढीसमोर नवे दुकान उभे केले होते.

डिसेंबर १८७७ मध्ये फ्रिट्झच्या बहिणीच्या शपथपत्रावरून मॅक्स्वीनवर अपहाराचा आरोप आला. फेब्रुवारी १८७८ मध्ये ८ हजार डॉलरपुरता जप्तीचा हुकूम निघाला. तो बजावणारा शेरीफ विल्यम ब्रॅडी पेढीचा स्नेही होता. एवढेच नव्हे, तर पूर्वी याच फ्रिट्झच्या मिळकतीचा व्यवस्थापकही होता. हुकूम मॅक्स्वीनच्या मालमत्तेवर. टाळे लागले टन्स्टलच्या दुकानाला! दोघे भागीदार आहेत, हे गृहीतक त्यासाठी पुरेसे ठरले. मग गुरे-घोडे जप्त करण्यास टोळी निघाली आणि तिने १८ फेब्रुवारीस टन्स्टलला गोळ्या घातल्या. त्याचे वय अवघे २४ होते.

सूड घेऊ निघालेल्या टन्स्टलच्या माणसांजवळही कागद होताच. गावच्या न्यायाधीशाने त्यांना अटकेची वॉरंटे दिली होती. पण ९ मार्चला गव्हर्नर ॲक्सटेलने त्या न्यायाधीशाची नेमणूकच रद्दबातल ठरवली, आणि कालचे शिपाई आज दरोडेखोर झाले. १ एप्रिलला ब्रॅडी भररस्त्यात मारला गेला. त्याच महिन्यात ग्रँड ज्यूरीने मॅक्स्वीनला अपहाराच्या आरोपातून मुक्त केले. पण त्या निर्णयाला आता काय मोल उरले होते? १९ जुलैला जळत्या घरातून बाहेर पडताना मॅक्स्वीनही ठार झाला.

सरहद्दीवर कायदा नव्हता म्हणून रक्त सांडले, असे सर्रास म्हटले जाते. दप्तर तसे सांगत नाही. कायद्याच्या कागदांची तेथे रेलचेल होती. उणीव होती ती निःस्वार्थी हातांची. ज्याचा वादात हितसंबंध, त्याच्याच हाती अंमलबजावणी सोपवली, की कायदेशीर हुकूमही दरोड्याचे साधन बनतो.

तरी कागदच अखेर उपयोगी पडला. वॉशिंग्टनहून धाडलेल्या फ्रँक एंजल या चौकशी अधिकाऱ्याने १८७८ मध्ये दोन्ही पक्षांच्या जबान्या लिहून घेतल्या. त्याच वर्षी ॲक्सटेलला पायउतार व्हावे लागले. टन्स्टलच्या वडिलांना मात्र भरपाई नाकारण्यात आली. १८८१ मध्ये ब्रॅडीच्या खुनाबद्दल फाशीची शिक्षा सुनावली गेली ती एकट्या बिलीला. टन्स्टलच्या खुनाबद्दल कोणालाच शिक्षा झाली नाही. त्या जबान्या लिहिल्या गेल्या नसत्या, तर आज टन्स्टलची बाजू सांगणारे कोणी उरले नसते. न्याय देणे एंजलच्या हाती नव्हते. सत्य नोंदून ठेवणे होते, आणि तेवढे त्याने केले.