चक्षु, आलोक आणि दृष्टिपटलातील रंगद्रव्य

चक्षुविज्ञान उत्पन्न होण्यास चार प्रत्यय लागतात, असे आचार्य बुद्धघोषांच्या नावे असलेल्या 'अट्ठसालिनी' या अट्ठकथेत सांगितले आहे : अविकल चक्षु, दृष्टिपथात आलेले रूप, आलोक आणि मनसिकार. आलोक चक्षूच्या द्रव्यात कोणता बदल घडवितो, हा त्या ग्रंथाचा विषय नव्हे. आणि आधुनिक रसायनशास्त्र त्रिपिटकात शोधण्याची हौस आपण करू नये. परंतु तो बदल जाणून घेण्यासारखा आहे.

मोहोळ परिसरात वैशाखातील भर दुपारी रानातून येऊन माळवदाच्या घरात पाऊल टाकले की प्रथम काहीच दिसत नाही. मग हळूहळू उतरंड, कणगी, माणसे ओळखू येतात. डोळ्याची बाहुली काही सेकंदांतच मोठी होते. तेव्हा या विलंबाचे मुख्य कारण अन्यत्र शोधावे लागते.

ते दृष्टिपटलात आहे. प्रत्येक डोळ्यात सुमारे १२ कोटी दंडपेशी आणि ६० लाख शंकुपेशी असतात. मंद उजेडात दंडपेशी काम करतात, दिवसा व रंगांसाठी शंकुपेशी. दंडपेशींतील ऱ्होडॉप्सिन हे जांभळट-तांबडे द्रव्य ऑप्सिन हे प्रथिन आणि अ-जीवनसत्त्वापासून बनलेला रेटिनल यांच्या संयोगाने होते. अंधारात रेटिनलचा रेणू वाकलेला असतो. प्रकाशकण पडताच तो सरळ होतो, ऑप्सिनचा आकार बदलतो आणि मज्जातंतूंकडे संकेत जाण्याची क्रिया सुरू होते. पुढे रेटिनल ऑप्सिनपासून सुटतो. द्रव्य पिवळट व अखेर रंगहीन होते. बेडकाच्या दृष्टिपटलाची लाली उजेडात उडते, हे फ्रान्झ बोल यांनी १८७६ मध्ये दाखविले. म्हणजे पाहण्याच्या क्रियेतच पाहण्याचे द्रव्य खर्ची पडते.

सरळ झालेला रेटिनल दृष्टिपटलामागील रंजक थरात जातो, तेथे पुन्हा वाकविला जातो आणि परत येऊन ऑप्सिनशी जोडला जातो. शंकुपेशींतील द्रव्ये लवकर सावरतात. त्यांचे अंधाराशी जुळणे सुमारे १० मिनिटांत पुरे होते. दंडपेशींना मात्र प्रखर उजेडानंतर ३० ते ४० मिनिटे लागतात.

या फेऱ्यात थोडे अ-जीवनसत्त्व सतत कमी होत असते, ते अन्नातूनच भरून यावे लागते. जॉर्ज वॉल्ड यांनी १९३३ मध्ये दृष्टिपटलात हे जीवनसत्त्व असल्याचे दाखविले. त्यांना १९६७ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पुरवठा तुटला की प्रथम दंडपेशी मागे पडतात : दिवसा धडधाकट खेळणारे मूल दिवेलागणीला अडखळू लागते. या रातांधळेपणाला कोणी नशीब म्हणतो, कोणी बाहेरची बाधा. तसे म्हणण्यात जे दिवस वाया जातात तेच घातक, कारण पुढे डोळा कोरडा पडतो, पांढऱ्या भागावर फेसासारखे डाग येतात आणि बुबुळावर व्रण होऊन गेलेली दृष्टी परत येत नाही. आरंभी उपचार झाल्यास रातांधळेपणा बहुधा काही दिवसांतच हटतो.

मोहोळचे नाव मालदांडी ज्वारीशी जोडलेले आहे. येथील शेती संशोधन केंद्रातील निवडीतून 'मालदांडी ३५-१' हे वाण पुढे आले. ही भाकरी पोट उत्तम भरते. पण पांढऱ्या ज्वारीत अ-जीवनसत्त्व जवळजवळ नाही. ते शेवग्याचा पाला, मेथी, अंबाडी, गाजर, पपई यांतील द्रव्यापासून शरीर तयार करते, आणि त्यासाठी जोडीला स्निग्धांश लागतो. पालेभाजीत शेंगदाण्याचे कूट घालण्याची आपल्याकडील रीत या दृष्टीने फार चांगली. अवर्षणात भाजीच मिळेनाशी होते, तेव्हा गरिबाच्या मुलाचे काय, हा प्रश्न उरतो.

त्याकरिताच १९७० मध्ये अ-जीवनसत्त्वाचे डोस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. नवव्या महिन्यात १ लाख एकक, त्यानंतर पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी २ लाख एकक असा त्याचा क्रम आहे. गर्भवतीने मात्र असे मोठे डोस स्वतःहून घेऊ नयेत, गर्भाला अपाय होऊ शकतो. संध्याकाळी तिला अंधुक दिसू लागल्यास त्याच आठवड्यात आरोग्य केंद्रात दाखवावे. मुलाच्या बाबतीत तर दुसऱ्याच दिवशी.