जॉगिंग स्ट्रोलर

जॉगिंग स्ट्रोलर ही लहान मुलाला सोबत घेऊन धावता यावे यासाठी बनवलेली तीन चाकांची बाबागाडी होय. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील याकिमा येथील पत्रकार फिल बेक्लर यांनी १९८४ मध्ये बाबागाडीला सायकलची चाके जोडून तिचे आरंभीचे रूप तयार केले.

रचना

साध्या बाबागाडीची लहान चाके खडबडीत रस्त्यावर अडकतात. जॉगिंग स्ट्रोलरची चाके मोठी आणि सहसा हवा भरलेल्या टायरची असतात. पुढचे चाक धावताना सरळ दिशेत पक्के करावे लागते. अन्यथा ते अचानक वळून गाडी कलंडू शकते. मुलाला खांदे, कंबर व मांड्यांमधून जाणाऱ्या पट्ट्यांनी सुरक्षित बसवतात. दुसरा पट्टा धावणाऱ्याच्या मनगटाला अडकवलेला असतो; त्यामुळे उतारावर हात सुटला तरी गाडी निसटत नाही.

वापर व सुरक्षितता

तान्ह्या मुलाची मान धावताना बसणारे हादरे पेलण्याइतकी बळकट नसते. म्हणून मूल किमान सहा महिन्यांचे होऊन मान नीट सावरू लागेपर्यंत त्याला घेऊन धावणे टाळावे, आणि त्यानंतरही आधी बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा, असे सांगितले जाते.

गाडी ढकलताना हातांची नैसर्गिक हालचाल थांबते व श्रम वाढतात; त्यामुळे अनेक जण हात आलटून पालटून वापरतात. उन्हापासून बचावासाठी गाडीवर कापड पांघरल्यास हवा अडून आत उष्मा वाढतो. उलट, थंडीत धावणाऱ्याला घाम येत असतानाही हालचालीविना बसलेले मूल गारठू शकते. त्यामुळे कपडे, वेग व अंतर मुलाच्या स्थितीवरून ठरवणे आवश्यक असते.