गाजर गवताची अ‍ॅलर्जी : दोष बाईचा नव्हे, गवताचा

पावसाळ्यात रेल्वे रुळाच्या कडेला, वस्तीतल्या मोकळ्या जागेत, शेताच्या बांधावर बारीक पांढऱ्या फुलांचे गवत कमरेइतके माजते. कुणी त्याला गाजर गवत म्हणतात, कुणी काँग्रेस गवत. निंदणी-खुरपणीला जाणाऱ्या, रस्ते झाडणाऱ्या आपल्या भगिनींची त्याच्याशी रोजच गाठ पडते. मग एखादीच्या पापण्या सुजतात. मानेला, कोपराच्या आतल्या बाजूला खाज सुटते. खाजवून खाजवून कातडी जाड व काळी पडते. शेजारीण म्हणते, नजर लागली. सासूबाई म्हणतात, गजकर्ण आहे, लेकराला जवळ घेऊ नकोस. आणि घरात तिचे ताट, पेला, अंथरूण वेगळे होते.

ताट-पेला वेगळा काढला की काय वाटते, हे आपल्या समाजाला कुणी सांगायला नको. म्हणून आधी एवढे पक्के ध्यानात घ्यावे की, अ‍ॅलर्जी एकाची दुसऱ्याला लागत नाही.

मग ती होते कशी? आपले शरीर रोगजंतूंशी लढत असते. कधी कधी ते इतरांना न बाधणाऱ्या वस्तूलाही शत्रू समजते आणि तिच्याशी लढू लागते. हीच अ‍ॅलर्जी. गाजर गवतात पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. ते पहिल्याच दिवशी बाधते असे नाही. अनेक वर्षे हे गवत उपटणाऱ्या बाईलाही एखाद्या वर्षी अचानक त्रास सुरू होतो. वाळलेल्या गवताची धूळ वाऱ्याने अंगावर बसते, तर परागकणांमुळे काहींना शिंका, सर्दी व दमा होतो. मूळ अमेरिका खंडातले हे गवत १९५५ च्या सुमारास पुण्यात आढळले आणि पुढे देशभर पसरले.

काय करावे?

गवत फुलावर येण्याआधी, जमीन ओली असताना मुळासकट उपटावे. हातमोजे, लांब बाह्यांचा सदरा व तोंडाला फडके असावे. ज्यांना अ‍ॅलर्जी आहे त्यांनी हे काम करूच नये. घरी येताच हातपाय, तोंड धुऊन कपडे बदलावेत. धुतलेले कपडे या गवतावर वाळत घालू नयेत. वाळलेले गवत जाळू नये.

दुकानदाराने दिलेले मलम मनाने लावू नये. त्यात पुष्कळदा स्टेरॉइड असते. आठवडाभर बरे वाटते, पण फार दिवस लावल्यास कातडी पातळ होते. २०१८ साली सरकारने अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली आहे. मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात जावे. तेथे पाठीवर पट्ट्या लावून कशाची अ‍ॅलर्जी आहे ते तपासता येते. मात्र दम लागला किंवा ओठ-जीभ सुजली, तर अंगारे-धुपारे न करता तत्काळ दवाखाना गाठावा.

हातमोजे देणे हे मुकादमाचे उपकार नव्हेत. चार जणींनी मिळून मागितले, तर नाही म्हणणे त्याला जड जाते. आणि घरच्यांनी काय करावे? तिचे वेगळे काढलेले ताट आजच पुन्हा आपल्या ताटांत ठेवावे.