पहिले गोंदण : सोसणे कोणाचे, खूण कोणाची

एप्रिल महिना जवळ आला की आमच्या वस्त्यांतील पोरे-पोरी 'जय भीम' गोंदवून घेण्याच्या गोष्टी करू लागतात. कोणाला मनगटावर अक्षरे हवी असतात, कोणाला दंडावर बाबासाहेबांचा चेहरा, कोणाला अशोकचक्र. ते त्याला टॅटू म्हणतात. त्यांच्या आज्या गोंदण म्हणत. वर्गातल्या मुली माझ्यापाशी येतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न अस्मितेचा नसतो, कलेचाही नसतो. "मॅडम, लई दुखतं का हो?" एवढेच त्यांना हवे असते.

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. आमच्या बायकांना असे कोणी कधी विचारलेच नाही. त्यांना दुखत नाही, त्यांची कातडी जाड असते, त्यांना सवय असते, असे गावाने गृहीत धरले होते. म्हणून आधी दुखण्याचेच पाहू.

कातडीचे ढोबळमानाने दोन थर. वरचा थर सतत झडतो आणि नवा येतो. त्यात शाई भरली तर काही आठवड्यांत ती झडून जाईल. त्याखालचा थर टिकाऊ. त्यात रक्तवाहिन्या आहेत आणि वेदनेचे मज्जातंतूही आहेत. गोंदण टिकायचे तर सुईला या खालच्या थरात, म्हणजे साधारण एक-दोन मिलिमीटर आत जावेच लागते. म्हणजे खूण जिथे टिकते तिथेच दुखते. न दुखवता टिकणारे गोंदण नाही. आत गेलेली शाई हा शरीराच्या लेखी परका माल. तो गिळायला शरीरातल्या भक्षक पेशी धावतात, गिळतात, पण पचवू शकत नाहीत. तो पोटात घेऊन त्या तिथेच बसतात. फ्रान्समधील संशोधकांनी २०१८ साली उंदरांवरील प्रयोगातून दाखवले की, अशी पेशी मेली की तिच्यातून सांडलेली शाई शेजारची नवी पेशी गिळते. पेशी मरतात, खूण राहते. काजळीचा काळा रंग कातडीखालून निळसर-हिरवा दिसतो तो प्रकाशाच्या विखुरण्यामुळे. आज्यांच्या हातावरचे 'हिरवं गोंदण' मुळात काळेच असते.

त्या गोंदणाची रीत आता फार थोड्यांनी पाहिली असेल. गोंदणारीण गावोगाव फिरणाऱ्या भटक्या जमातीची. तिला गावात घर नाही, शेत नाही, आमच्यासारखीच वेशीबाहेरची. तीन-चार सुया दोऱ्याने एकत्र बांधलेल्या, दिव्याची काजळी, कुठे पाल्याचा रस तर कुठे आईचे दूध. पोर सात-आठ वर्षांची. एक बाई तिचा हात धरायची, दुसरी मांडीवर डोके दाबून ठेवायची आणि गोंदणारीण गाणे म्हणत टोचत जायची. वर हळद-तेल लावायचे. मजुरी म्हणून सुपात जोंधळे. कपाळावर, हनुवटीवर ठिपका, हातावर तुळस, विंचू, नवऱ्याचे किंवा भावाचे नाव.

माझी आजी सांगायची की ती रडली तेव्हा थोरल्या जावा हसल्या. "एवढं सोसंना, तर बाळंतपण कशी सोसशील?" हे वाक्य अनेक घरांत थोड्याफार फरकाने ऐकायला मिळते. मेल्यावर सोने-नाणे, लुगडे सगळे काढून घेतात, गोंदण तेवढे बरोबर येते, असेही सांगितले जाई. ज्या बाईच्या अंगावर सोने कधी नव्हतेच, तिला हे पटायला वेळ लागत नसे. गोंदण हा गरिबाचा दागिना, असे लोकसाहित्याचे अभ्यासक मोठ्या कौतुकाने लिहितात. लिहोत. सात वर्षांच्या पोरीला दाबून धरून दिलेला दागिना तिने मागितला होता काय, हे मात्र त्यांनी फारसे विचारलेले नाही.

तरी त्या रीतीत एक शहाणपण होते, ते नाकारण्यात अर्थ नाही. ते गाण्यात होते. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ साली वेदनेविषयी 'दारा'चा सिद्धांत मांडला. टोचल्याची वार्ता मज्जारज्जूतून मेंदूकडे जाताना जणू एका दारातून जाते. स्पर्श, चोळणे, दाब यांच्या वार्ता त्याच दाराशी गर्दी करतात आणि वेदनेची वाट अडते. मेंदूही वरून ते दार थोडे लोटू शकतो. मन दुसरीकडे असले की लोटतो, भीती असली की सताड उघडतो. पुढच्या संशोधनाने या सिद्धांतात पुष्कळ दुरुस्त्या केल्या, पण मूळ मुद्दा टिकला. ठोकर लागली की आपण अंगठा चोळतो, पोर पडले की आई फुंकर घालते, ते उगीच नव्हे. गोंदणारणीचे गाणे आणि हात घट्ट धरणारी बाई, दोघी त्या दाराशीच उभ्या होत्या.

आता खुणेचे. या देशात माणसाच्या कातडीवर लिहिण्याचा अधिकार फार जुना आहे आणि तो बहुधा ज्याची कातडी त्याच्याकडे नव्हता. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात, उच्चवर्णीयाच्या आसनावर त्याच्या बरोबरीने बसू पाहणाऱ्या हीनजातीयाच्या कमरेवर डाग देऊन त्याला हाकलून द्यावे, अशी शिक्षा सांगितली आहे. इंग्रजांनी बंगाल इलाख्यात १७९७ पासून जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर गुन्हा गोंदवायला सुरुवात केली. ती प्रथा १८४९ साली बंद झाली. बंद झाली म्हणजे कायद्यातून गेली. १९९३ साली अमृतसरच्या पोलिसांनी चार गरीब स्त्रियांच्या कपाळांवर 'जेबकतरी', म्हणजे खिसेकापू, हा शब्द गोंदवला. आरोप सिद्ध व्हायचा होता, कपाळ मात्र आधीच लिहून झाले होते. त्या प्रकरणात पोलिसांना शिक्षा व्हायला २०१६ साल उजाडले. तेवीस वर्षे! त्या स्त्रियांना कोणी "दुखतं का?" असे विचारले असेल काय?

महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृती जाळली गेली. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांना उद्देशून भाषण केले. अस्पृश्य म्हणून ओळखू येईल असे लुगडे नेसणे सोडा, ते जडशीळ दागिने टाका, असे त्यांनी सांगितले आणि बायकांनी ते ऐकले. लुगडे बदलता येते. दागिना उतरवून ठेवता येतो. गोंदण उतरत नाही. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा झाली. राम आणि कृष्ण यांना देव मानणार नाही, ही प्रतिज्ञा लाखो मुखांनी उच्चारली. त्यांत अशा किती स्त्रिया असतील की ज्यांच्या उचललेल्या हातावर तुळस होती, देवाचे नाव होते! तोंड नव्या धम्माचे आणि हात जुन्या देवाचा. यात त्या स्त्रियांना काही विसंगती वाटली असेल असे मला वाटत नाही. हात त्यांचा होता, लिहिणारे दुसरे होते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. माझ्या आजीच्या पिढीने आपल्या मुलींना गोंदवले नाही. कोणताही ठराव न करता एक रीत एका पिढीत मोडली. आमच्या चळवळीच्या इतिहासात तिची नोंद नाही.

याच्या उलट टोकाला छत्तीसगढचे रामनामी आहेत. तेथील चारपारा गावच्या परशुराम या चांभार गृहस्थाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा पंथ सुरू केला. देवळात घेत नाहीत ना, मग देवाचे नाव कातडीवरच घेऊ, असा तो पवित्रा. कपाळावर, अंगभर, काहींनी तर नखशिखांत 'राम राम' गोंदवून घेतले. आता नवी पिढी तसे करीत नाही. शिक्षण-नोकरीसाठी बाहेर पडणाऱ्याला चेहऱ्यावरची अक्षरे परवडत नाहीत. रामनामींचा मार्ग मला पटत नाही. ज्याने दार बंद केले त्याचेच नाव अंगावर का वागवायचे? पण त्यांच्या सोसण्यापुढे मान लवते, आणि एक गोष्ट मान्य करावी लागते. कातडीवर काय लिहायचे हे त्यांनी स्वतः ठरवले.

आजच्या पोरीची 'जय भीम'ची अक्षरे या ओळीतली आहेत. म्हणून ती घेताना घाई नको आणि भीतीही नको. मी स्वतः दोन वर्षांपूर्वी डाव्या हाताच्या आतल्या बाजूस दोन शब्द लिहवून घेतले. दुखले. काटा रुतल्यासारखे नव्हे. चुलीचा चटका बसलेल्या जागी कोणी घासणी फिरवावी तसे. यंत्राची सुई मिनिटाला शेकडो वेळा, कधी हजारांवर वेळा आत-बाहेर करते, त्यामुळे एकेक टोचणी वेगळी कळत नाही, एक सलग जळजळ होते. पहिली पाच मिनिटे वाईट, नंतर अंग सरावते आणि बराच वेळ चालले तर शेवटी पुन्हा नकोसे होते. मनगटाचे हाड, घोटा, बरगडी, गळ्याची हाडे या ठिकाणी मांस कमी, तिथे जास्त दुखते. दंडाची बाहेरची बाजू त्या मानाने सोपी. पहिल्यांदा जाणाऱ्याने तीच निवडावी आणि मजकूर लहान ठेवावा.

जाताना पोटभर जेवून जा. उपाशीपोटी भोवळ येते, आणि आमच्या पोरी उपास नसतानाही उपाशी असतात हे मी रोज वर्गात पाहते. दारू पिऊन जाऊ नये. वेदना कमी होत नाही, रक्त मात्र जास्त येते. श्वास रोखून धरू नका, सावकाश आणि लांब सोडा. बरोबर मैत्रीण न्या, तिच्याशी बोला, गाणे ऐका. दाराचा सिद्धांत आठवतो ना? सहन होईना तर "थांबा" म्हणा. सोसून दाखवण्याची परीक्षा आता कोणी घेत नाही, आणि घेत असेल तर ती देऊ नका. बधिर करणारे मलम मिळते, पण ते डॉक्टरला विचारून आणि थोड्या जागेपुरतेच.

जत्रेतल्या, सभेच्या मैदानाबाहेरच्या गोंदणवाल्याकडे गर्दी असते, दर कमी असतो आणि एकच सुई दहा हातांवर फिरण्याचा धोका असतो. त्यातून कावीळ ब आणि क, एचआयव्ही पसरू शकतात. सीलबंद सुई आपल्यासमोर फोडायला लावा, शाई लहान टोपणात वेगळी ओतायला लावा, हातमोजे पाहा. यात संकोच कसला? गोंदवल्यावर बारा महिने रक्तदान करता येत नाही, हेही जयंतीच्या रक्तदान शिबिरात नाव देणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

आणि भरतीचे. आमची पुष्कळ मुले-मुली सैन्य-पोलिसांच्या भरतीची तयारी करतात. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या नियमांत सलामीच्या, म्हणजे उजव्या हातावरचे गोंदण अडते. डाव्या हाताच्या आतल्या बाजूचे, लहान आकाराचे चालते. सैन्याचे नियमही असेच जागा ठरवून देणारे आहेत. आधी जाहिरात वाचा, मग हात पुढे करा. लेसरने गोंदण काढता येते, पण त्याला महिन्या-दीड महिन्याच्या अंतराने अनेक खेपा लागतात, गोंदवण्याहून कितीतरी अधिक पैसे जातात, आणि बहुतेकांच्या अनुभवानुसार ते गोंदवण्यापेक्षा जास्त दुखते.

घरी आल्यावर जागा साध्या साबणाने आणि स्वच्छ पाण्याने धुवायची, टिपून कोरडी करायची, मलमाचा पातळ थर द्यायचा. हळद, राख, शेण काही लावायचे नाही. चार-पाच दिवसांनी खपली धरते, खाजते. नखाने काढायची नाही. दोन-तीन आठवडे विहिरीत, नदीत पोहणे नको, उन्हात उघडे ठेवणे नको. सूज वाढत गेली, पू झाला, ताप आला तर थेट दवाखाना. सावळ्या कातडीवर जखमेचे व्रण कधी कधी फुगून वर येतात. ज्यांच्या घरात असे व्रण येण्याची प्रवृत्ती आहे, कान टोचल्यावर पाळीला गाठ आली आहे, त्यांनी गोंदवण्याआधीच त्वचेच्या डॉक्टरला हात दाखवावा.