काळपट पदक चिंचेने घासू नका!

आजोबांच्या पेटीत एखादे काळपट कांस्यपदक सापडले, की घरातल्यांचा हात आपसूक चिंचेकडे जातो. थांबा! तो तपकिरी थर म्हणजे मळ नव्हे, वर्षानुवर्षांनी धातूवर चढलेली झाक आहे. ती गेली, की संग्राहकाच्या लेखी पदकाचे मोल उतरते.

नामवंत वकील-मुत्सद्द्यांच्या मुखचित्रांची पदके जमवणाऱ्यांना कोलकाता जवळचे वाटते. अलीपूरच्या न्यायालयात चित्तरंजन दास यांनी अरविंद घोषांचा खटला लढवला आणि १९०९ मध्ये ते निर्दोष सुटले. त्याच अलीपूरमधल्या टांकसाळीचे उद्घाटन १९५२ साली अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी केले. तिथे नाण्यांबरोबर पदकेही घडवली जातात.

पदके महाग वाटत असतील, तर नाण्यांपासून सुरुवात करा. बॅरिस्टर आंबेडकरांचे १९९० चे एक रुपयाचे आणि बॅरिस्टर दासांचे १९९८ चे दोन रुपयांचे नाणे मिळवा.

पदक घेताना भिंगातून पाहा. ठशाने उठवलेल्या पदकावरची अक्षरे रेखीव असतात. ओतीव नकलेवर बहुधा बारीक छिद्रे दिसतात.

घरी आणल्यावर मऊ, कोरड्या कापडाने पुसा आणि सोबत चिठ्ठी ठेवा: हे पदक कोणाचे, कोणत्या साली, कोणाला मिळाले. नाहीतर नातवंडांच्या हाती नुसता अनोळखी चेहरा उरेल.