नेपथ्य आणि निवास : गृहसज्जेचा ग्राहकाच्या निर्णयावरील परिणाम

घर ही बाजारातील इतर वस्तूंहून निराळी वस्तू आहे. ती हलवता येत नाही, तिच्याशी तंतोतंत जुळणारी दुसरी वस्तू मिळत नाही, आणि सामान्य कुटुंब ती आयुष्यात एकदा, फार तर दोनदा, खरेदी करते. धान्य किंवा कापड वारंवार घेताना ग्राहकाच्या ठिकाणी जी पारख आपोआप तयार होते, ती घराच्या बाबतीत तयार होण्यास अवसरच मिळत नाही. शेर्विन रोझेन यांनी १९७४ साली भिन्नगुणी वस्तूंच्या किमतींविषयी जी उपपत्ती मांडली, तिच्यानुसार अशा वस्तूची किंमत तिच्या अंगभूत गुणांवरून ठरते. घराबाबत हे गुण म्हणजे क्षेत्रफळ, स्थान, बांधणी, उजेड, वारा इत्यादी. विक्रेता जाताना जे सामान बरोबर नेणार आहे, त्याला या हिशेबात स्थान नाही. असे असूनही विक्रेते घर सजविण्यावर मोठा खर्च करतात. हा खर्च नेमके काय विकत घेतो, हा प्रश्न अर्थशास्त्राइतकाच मानसशास्त्राचाही आहे.

विक्रीस काढलेले घर खास ग्राहकासाठी मांडून ठेवण्याच्या पद्धतीस अमेरिकेत ‘होम स्टेजिंग’ म्हणतात. १९७०च्या दशकात वॉशिंग्टन राज्यात या पद्धतीला व्यवसायाचे रूप देण्याचे श्रेय सामान्यतः बार्ब श्वार्झ यांना दिले जाते. नाव रंगभूमीवरून घेतलेले आहे आणि ते यथार्थ आहे, कारण येथे जे केले जाते ते नेपथ्यच होय. मालकाच्या कुटुंबाची छायाचित्रे उतरवितात, भडक भिंतींना फिकट रंग देतात, अडगळ हलवितात आणि प्रसंगी भाड्याने आणलेले सामान मांडतात. मालकाच्या खुणा पुसल्या गेल्या, म्हणजे पाहणाऱ्याला त्या जागी स्वतःचा संसार कल्पिता येतो, अशी यामागील समजूत आहे.

ही समजूत कितपत खरी, याची पद्धतशीर तपासणी लेन, सायलर व सायलर या संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आढळते. त्यांनी एकाच घराच्या सहा आभासी फेऱ्या तयार केल्या. घर तेच, भिंतींचा रंग आणि सामानाची स्थिती मात्र प्रत्येक फेरीत वेगळी. प्रत्येक ग्राहकाला त्यांपैकी एकच दाखविण्यात आली. सौम्य रंग व चांगले सामान यांमुळे घर राहण्यास सुखकर वाटते आणि त्याविषयीचे एकंदर मत अनुकूल होते, असे दिसून आले; परंतु ग्राहकांनी त्या घराची जी किंमत केली, तिच्यात लक्षणीय फरक पडला नाही. आणखी एक गोष्ट याहूनही उद्बोधक आहे. अशा सजावटीने किंमत वाढते, असे मध्यस्थ व ग्राहक दोघेही मानीत होते. एखादी प्रथा तिच्या फळावर नव्हे, तर तिच्या फळाविषयीच्या सार्वत्रिक विश्वासावर कशी टिकून राहते, याचे हे चांगले उदाहरण आहे. अर्थात् पडद्यावर घर पाहणे आणि पदरचे पैसे मोजणे यांत अंतर आहे, आणि घर किती दिवसांत विकले जाते हा प्रश्न किमतीहून वेगळा आहे. तेव्हा सजावट निष्फळ असते असा निष्कर्ष यावरून काढणे घाईचे होईल. ती घराबद्दलची पसंती वाढविते, किंमत वाढवितेच असे नाही, एवढे म्हणणे सुरक्षित आहे.

मात्र हा निष्कर्ष मुंबई-पुण्याकडे जसाच्या तसा लावता येत नाही. अमेरिकेतील त्या प्रकारात सजविलेले घर आणि विकले जाणारे घर एकच असते. सामान उचलले तरी भिंती, खिडक्या, छत जागेवर राहतात. आपल्याकडे नव्या बांधकामातील पुष्कळशी विक्री इमारत उभी राहण्यापूर्वीच होते. ‘घर पाहावे बांधून’ या म्हणीत घर बांधणारा आणि त्यात राहणारा एकच गृहीत धरलेला आहे. आजचा ग्राहक नकाशा पाहून नोंदणी करतो आणि प्रत्यक्ष पाहतो ती ‘सॅम्पल फ्लॅट’, म्हणजे नमुना सदनिका. येथे नेपथ्य घरावर चढविलेले नसते, ते घराच्या जागी उभे असते. त्यामुळे रुचीचा प्रश्न मागे पडून मापाचा प्रश्न पुढे येतो.

दहा फूट बाय अकरा फुटांची निजण्याची खोली घ्यावी. साडेसहा फूट लांब व सहा फूट रुंद पलंग दहा फुटी भिंतीला टेकवून मधोमध ठेवला, तर दोन्ही अंगांना दोन-दोन फूट उरतात. दोन फूट खोलीचे कपाट एका बाजूच्या भिंतीस लावताच पलंग पलीकडच्या भिंतीला भिडवावा लागतो, आणि कपाटापुढे एका माणसाने अंग चोरून उभे राहण्यापुरती जागा शिल्लक राहते. त्याच खोलीत पाच फूट रुंदीचा ठेंगणा पलंग ठेवून कपाटाऐवजी आरसा लावला, तर दोन्हीकडे अडीच-अडीच फूट मोकळे दिसतात आणि आरसा त्यांचे दुप्पट करतो. यात एकही विधान खोटे केलेले नाही. दाराच्या चौकटी असतात, पण दारे नसतात. म्हणून ती उघडताना अडणारी जागा लक्षात येत नाही. विटांच्या भिंतीऐवजी काच किंवा पातळ फळी असेल, तर फरक आकड्यांतही मांडता येतो. आतील भिंतींची एकूण लांबी साठ फूट व जाडी चार इंच धरल्यास त्या वीस चौरस फूट जागा व्यापतात. एक इंची फळी पाचच चौरस फूट घेते. राहिलेल्या पंधरा चौरस फुटांत एक लहानसे स्नानगृह होते. पाण्याचा पिंप, गाद्यांची चळत, वाळत घातलेले धुणे यांचा तर तेथे मागमूसही नसतो. देव्हारा मात्र पुष्कळदा असतो; परदेशी नेपथ्यकार घरातील श्रद्धेच्या खुणा काढून टाकतो, आपला त्या मुद्दाम ठेवतो.

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ यात या बाबीची दखल घेतलेली आहे, ही गोष्ट विक्रीच्या गडबडीत फारशी लक्षात घेतली जात नाही. कलम १२ मध्ये जाहिरात व माहितीपत्रक यांच्याबरोबर नमुना सदनिकेचाही उल्लेख आहे. तीवर विसंबून आगाऊ रक्कम दिली आणि त्यातील चुकीच्या किंवा खोट्या कथनामुळे नुकसान झाले, तर प्रवर्तकाने भरपाई द्यावयाची असते. ग्राहकास व्यवहारातून बाहेर पडावयाचे असल्यास त्याने गुंतविलेली सर्व रक्कम व्याजासह परत करावयाची असते. याच अधिनियमातील चटई क्षेत्राच्या व्याख्येतून बाहेरच्या भिंती व सज्जा वगळलेल्या आहेत, परंतु आतील भिंतींची जागा तीत धरली जाते. म्हणजे वर मोजलेले पंधरा चौरस फूट करारातील आकड्याला धक्का न लावता वापरातून नाहीसे होऊ शकतात.

कलम १३ नुसार नोंदणीकृत करारावाचून किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक आगाऊ रक्कम घेता येत नाही. परंतु मनाचा निश्चय त्या दहा टक्क्यांच्या आतच, नमुना सदनिकेच्या उंबरठ्यावर, झालेला असतो. करार त्यानंतर वाचला जातो. पुढे ताबा मिळेपर्यंत काही वर्षे जातात आणि तोवर ती सदनिका मोडून टाकलेली असते. तिच्या भिंती किती जाड होत्या आणि पलंग किती रुंद होता, हे सांगणारे कागद कोणापाशीही नसतात. सामानासह मापांचा आराखडा करारास जोडण्याचे बंधन घातल्यास कलम १२ ला पुराव्याचा आधार मिळेल, आणि संशोधकालाही सजविलेली व प्रत्यक्ष मिळालेली खोली शेजारी ठेवून मोजता येईल.