नीट हुकली, बायोलॉजी नाही

आजचा भाग जरा घरचा आहे. नीटचा निकाल लागला त्या रात्री पाथर्डीहून मावसबहिणीचा फोन आला. दुसरा अटेम्प्ट होता. "दादा, बायोलॉजी सोडूनच देऊ का?" मी कोड लिहिणारा माणूस, म्हटलं, दोन दिवस दे, शोधतो.

आपल्याकडे कसंय, बायोलॉजी घेतली की डॉक्टर, नाहीतर वर्षं वाया. पण आपल्या तालुक्यातली माणसं दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन ज्या फडांत जातात ना, तिथला फुले २६५ ऊस कुणीतरी तयार केलाय. राहुरी कृषी विद्यापीठाच्या पाडेगाव केंद्राची ही जात. दोन उसांचा संकर करायचा, ढीगभर रोपांतून मोजकी निवडायची, मग ती वर्षानुवर्षं वेगवेगळ्या जमिनीत लावून उतारा, साखर, रोग बघत बसायचं. हीसुद्धा बायोलॉजीच! तिकडे जायला बीएस्सी ॲग्री, नंतर एमएस्सी. प्रवेश एमएचटी-सीईटीवर. ती तिने सरावापुरती का होईना, दिलेली होती. सुटलो.

दुसरा रस्ता पुण्याच्या आयसरचा. २००६ साली सुरू झालेली संस्था, बारावीनंतर पाच वर्षांचा बीएस-एमएस. प्रवेश परीक्षेत ६० प्रश्न: बायो, केमिस्ट्री, फिजिक्स, मॅथ्सचे १५-१५. बरोबर उत्तराला ४, चुकलं की १ वजा. पीसीबीवाल्यांना फॉर्म भरता येतो, पण गणिताचे १५ प्रश्न काही टळत नाहीत. आणि नीटचा निकाल येईपर्यंत हा फॉर्म बंद झालेला असतो. म्हणून नीटसोबतच भरून ठेवा. बारावी कोणत्या साली झाली याचीही अट असते, ती आधी वाचा.

साधी बीएस्सी करून पुढे एमएस्सीची परीक्षा देणारेही खूप आहेत. तोही रस्ता चालूच आहे.

मग काका फोनवर आले. त्यांचा एकच प्रश्न: "पगार कधी चालू होणार?" इथे मी गोड बोललो नाही. संशोधनात जायचं तर एमएस्सीनंतर नेट द्यायची. जेआरएफ मिळाली तर पीएचडीची पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, वर घरभाडं. म्हणजे तेविशीच्या आसपास, तीही पहिल्या झटक्यात निघाली तर. मी बावीसाव्या वर्षी कमवायला लागलो होतो, हे काकांना माहीत आहे. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "डॉक्टरकीला तरी कुठं लवकर मिळतंय."

काल तिचा मेसेज आला: "पाडेगाव कुठं आलं?" फलटण तालुक्यात, म्हटलं.